रोप लावण्याआधी झाड पाहून या

सभासद बंधूंनो, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला गेलात की परतताना पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये तासभर जरूर फिरा. ३९ एकरांची जुनी बाग, वाट सपाट. म्हाताऱ्या माणसालाही दम लागत नाही.

पण झाडे नुसती पाहू नका. भर दुपारी बुंध्यापासून सावलीच्या कडेपर्यंत पावले मोजा. रोपवाटिकेतले हातभर रोप पुढे किती जागा धरते, ते तिथेच कळते.

असे झाड बांधावर आले की सावलीतल्या उसाला फुटवे कमी, मुळ्या पाणी-खत ओढणार आणि शेजाऱ्याशी तंटा. शेवटी वाढलेल्या झाडावर कुऱ्हाड! म्हणून मोठे झाड वस्तीवर किंवा पडीक तुकड्यात लावा. बांधाला शेवगा पुरे.