उतरता आवाज, न उतरणारी दाद

नागपुरातील सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला ज्यांचे नाव आहे ते गायक वसंतराव देशपांडे याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि 1983 मध्ये 63 व्या वर्षी निवर्तले, त्यामुळे त्यांचा जराजर्जर आवाज ऐकण्याची वेळ रसिकांवर आली नाही. भीमसेन जोशी मात्र 2007 मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात असताना, सवाई गंधर्व महोत्सवात गायले. वयोमानाने स्वरतंतू, म्हणजे स्वरयंत्रातील कंप पावणाऱ्या घड्या, पातळ होऊन मध्ये वाकतात, त्यामुळे गाताना त्यांच्यात फट उरते आणि तिच्यातून निसटणारी हवा स्वरात मिसळते. फुप्फुसांची लवचिकता घटल्याने दमसासही तोकडा पडतो. रागाची मांडणी मात्र बुद्धीत शाबूत असते, आणि जुन्या ध्वनिमुद्रिका पाठ असलेला श्रोता निसटलेली तान मनातच पुरी करून घेतो. अशा मैफलीत दाद कित्येकदा समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच येते.