सांध्यातला कापूस

बाळापूरच्या किल्ल्याजवळ मन आणि म्हैस या नद्या एकत्र येतात. पुढे ते पाणी पूर्णेतून तापीला आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळतं. आपल्या वऱ्हाडी माणसाचा शिडाच्या होडीशी संबंध येतो तो चित्रात. पण त्या होडीच्या अंगात जे ठासून भरलेलं असतं, ते आपल्या रोजच्या ओळखीचं आहे. कोकणातल्या लाकडी होडीच्या दोन फळ्यांमधून पाणी आत येऊ देत नाही तो कापूस.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. लाकडी होडीच्या देखभालीचा हंगाम हाच. उधाणाच्या भरतीला होडी येईल तितकी वर आणायची, पुढे ओंडक्यांवरून माणसांनी ओढायची, दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे आणि वरून झावळ्यांनी शाकारून टाकायची. होडी घरची असते आणि तिचं कर्जही घरावरच असतं, त्यामुळे तळ खरवडायला घरातले सगळे हात लावतात. तळाला शेवाळ, कालवांची पिल्लं आणि बार्नेकलची पांढरट, धारदार कवचं चिकटलेली असतात. ती ओली असतानाच काढावी लागतात. वाळली की खरवडायच्या पत्र्याला दाद देत नाहीत. खरखरीत तळ पाण्यात अडतो. इंजिनाची बोट जास्त डिझेल जाळून ते भरून काढते. शिडाच्या होडीला मिळेल त्या वाऱ्यावरच जायचं असतं, म्हणून तिचा तळ गुळगुळीत हवा.

तळ साफ झाला की सुतार हातोडीने फळीन् फळी वाजवत जातो. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. आवाज बसला तिथे खडूची फुली पडते. लोखंडी खिळा गंजला असेल तर भोवतीचं लाकूड काळं पडलेलं दिसतं. मग सांधे उघडायचे. जुना, काळा झालेला कापूस आकडीने ओढून काढायचा आणि फट कोरडी करायची. नवा कापूस समईची वात वळतो तसा वळायचा, फटीच्या मापाने जाड किंवा बारीक. बोथट छिन्नी सांध्यावर धरून लाकडी मोगरीने तो हलके हलके आत बसवतात. सगळी कला इथे आहे. कमी भरला तर होडी पाणी घेणार. जास्त ठासला तर फळ्या पाण्यात फुगल्यावर एकमेकींना रेटतात आणि खिळे ढिले होतात. शिकाऊ मुलाला म्हातारा सुतार सांगतो, "पोरा, जोर नको लावूस. आवाज बदलला की थांब."

त्यावर लांबी भरायची. जुन्या रीतीत राळ तेलात कढवून ती घरीच करत. आता बाजारातले डबे येतात. एवढं करूनही पाण्यात लोटल्यावर होडी सुरुवातीला थोडं पाणी घेतेच. लाकूड पाणी पितं, फुगतं, कापसाला आवळतं आणि झिरपणं थांबतं. नवख्याला धडकी भरते. जुनी माणसं डब्याने पाणी उपसत बसतात.

रंग लावायचा तो मुख्यतः किड्यासाठी. लाकूड पोखरणारा टेरेडो हा खरं तर किडा नव्हे, शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो पिल्लू असताना शिरतो, आत वाढतो आणि डोक्यावरच्या इवल्या शिंपल्यांनी बोगदा कोरत जातो. फळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून पोकळ झालेली असते. गोड्या पाण्यात तो टिकत नाही, म्हणून होडी काही काळ खाडीत आत, गोड्या पाण्यात नेऊन ठेवणं हा जुना उपाय. चुना-तेलाचा लेप हा दुसरा.

ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडा थांबला, पण तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात खाल्ले गेले. आजही इंजिनाच्या बोटीच्या पंख्याजवळ जस्ताची वडी बसवतात ती याच कारणाने: झिजायचं ते जस्ताने. तांबं मात्र टिकलं. तळाच्या रंगात ते ऑक्साइडच्या रूपात असतं आणि त्याचा स्वतःचा रंगच लाल आहे. मध्यंतरी कथिलाची संयुगं घातलेले रंग आले. ते इतके जहाल निघाले की फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातली कालवं वेडीवाकडी वाढू लागली आणि समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटले. अशा रंगांवरची आंतरराष्ट्रीय बंदी २००८ मध्ये लागू झाली. तांबंही विषच आहे. ज्या खाडीतली कालवं आपण खातो, तिच्या काठावर खरवडलेला जुना रंग वाळूत मिसळू देणं मला मान्य नाही. खाली ताडपत्री अंथरायला फारसा खर्च येत नाही.

फायबरच्या होड्या वाढल्या तशी मोगरीची कामं कमी झाली. म्हणूनच गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या 'होडी इनोव्हेशन्स'ने केलेलं काम मला मोलाचं वाटतं. अजिंठ्याच्या लेणीत, समुद्रापासून इतक्या आत, पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. त्यावरून 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज उभं राहिलं. तळाच्या फळ्या एकमेकींना खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी त्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. सांध्यांत नारळाचा काथ्या आणि नैसर्गिक राळ आहे. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघालेलं हे इंजिन नसलेलं जहाज १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचलं.