‘पीस’ म्हणजे नेमके काय?

कापडाच्या धंद्यात आमचे केस पिकले, पण ‘पीस’ या साध्या शब्दाने आमची फजिती केली ती कॉम्प्युटरमध्ये.

हिशेबाचा प्रोग्राम आम्ही एका मुलाकडून लिहून घेतला होता. तो नोकरीसाठी परगावी गेला आणि काम दुसऱ्याने हाती घेतले. त्याला आम्ही एकच तक्ता मागितला: रंगाईला माल किती गेला, किती आला, बाकी किती. तक्त्यात एका रंगाईवाल्याकडे ६ पीस बाकी निघाले. आम्ही त्याचे पैसे अडवले, चार माणसांत बोललोही. तो शपथेवर नाही म्हणत होता. शेवटी मीटरवर माप घेतले, तर माल पुरा!

गोम अशी होती. प्रोग्रामच्या ओळींशेजारी लिहिणारा समजुतीसाठी टिपणे ठेवतो, त्यांना कॉमेंट म्हणतात. मशीन ती सोडून देते. ती असतात पुढच्या माणसासाठी. जावक भागातल्या कॉमेंटमध्ये ‘पीस’ म्हणजे कापलेला तुकडा होता, कारण तपासणीत खोट दिसली की आम्ही तागा तिथेच कापतो. आवक भागात मात्र ‘पीस’ म्हणजे अख्खा तागा. ५० ताग्यांचे ५६ तुकडे होऊन गेले; रंगताना ते शिवून जोडले जातात, म्हणून परत आले ५० तागे. नव्या मुलाने ५६ मधून ५० वजा केले. त्याने वाचले तेच केले, त्याला काय बोलणार?

याच्या उलट चूकही तितकीच महागात पडते. एके ठिकाणी ‘तागा’, दुसरीकडे ‘थान’, माहितीपुस्तिकेत ‘रोल’. दुरुस्ती करणारा ‘तागा’ शब्द शोधतो, मशीन तेवढीच अक्षरे दाखवते, आणि ‘थान’च्या जागा जुन्याच राहतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे मजमून लिहिताना एकच लफ्ज पुन्हा आला की उस्ताद लाल रेघ मारीत. ती सवय इथे उपयोगाची नाही. इथे तोच शब्द शंभरदा आला तरी चालेल.

सुताचेच पाहा. ४० काउंट म्हणजे ८४० यार्डांच्या ४० लडी मिळून १ पौंड वजन. आकडा वाढला की सूत बारीक. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे वजन ग्रॅममध्ये. आकडा वाढला की धागा जाड. ४० काउंटचे सूत सुमारे १३३ डेनियर भरते. कॉमेंटमध्ये नुसते ‘सूत नंबर’ लिहिले तर वाचणाऱ्याने काय समजावे?

चलन आणि बिल यांतही तसेच. यंत्रमागावर विणायला सूत दिले ती विक्री नव्हे. ते डिलिव्हरी चलनावर जाते. कॉमेंटमध्ये त्याला ‘बिल’ म्हटले, की पुढचा माणूस तो आकडा विक्रीत धरणार आणि जीएसटीच्या हिशेबात घोळ होणार. जिथे कायद्याने नाव ठरवले आहे तिथे तेच घ्यावे.

पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा आहे. तिच्या लेखनाचे नियम २००१ साली लिहिले गेले. कोडशी न जुळणाऱ्या कॉमेंटपेक्षा कॉमेंट नसलेली बरी, असे त्यांत म्हटले आहे. आम्हाला हे ६ पिसांनी शिकवले.

आता आम्ही मुनीमजींना सोबत बसवून एका पानाची शब्दयादी केली आहे. शब्द, त्याचा अर्थ, माप कशात, एवढेच. कोड, कॉमेंट, पडद्यावरची नावे आणि पुस्तिका, सगळीकडे तेच शब्द. नाव बदलायचे तर चारही ठिकाणी त्याच दिवशी. मुलगा कुरकुरला, पण मुनीमजी खूश आहेत. त्यांची वही आधीपासून अशीच होती.

रंगाईवाल्याचे पैसे आम्ही त्याच चार माणसांसमोर दिले. यादीत ‘पीस’ नाही. जुन्या कोडमध्ये तो शब्द ११ जागी सापडला; ९ जागी बदलला, उरलेल्या २ जागी तिथे तुकडा होता की तागा, हे पहिल्या मुलाला फोन करून विचारायचे आहे.