जिंकतो एक, दमतात सात

आजचा विषय सायकलचा, पण शेवटी गाडी आपल्या ऑफिसपर्यंत येणार आहे, म्हणून शेवटपर्यंत थांबा.

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआयच्या कॅलेंडरमधली, अनेक दिवस चालणारी रोड रेस. तेव्हा इथल्या आमच्या सायकल ग्रुपवर एकाने विचारलं, "अरे, तो गडी तासभर सगळ्यांच्या पुढे राहून वारा खातोय आणि शेवटी मागे पडतो. मग आधी मरतो कशाला?"

उत्तर सोपं आहे. तो स्वतःसाठी चालवतच नसतो.

रविवारी पडेगाव-मिटमिट्यावरून दौलताबादकडे निघा. समोरून वारा असेल तर पुढचा धापा टाकतो आणि त्याच्या चाकामागे चिकटलेला गप्पा मारतो. मागे राहिल्यावर बरीच ताकद वाचते, सपाट रस्त्यावर साधारण तीस टक्के तरी धरा. पुढे खुलताबादचा घाट लागला की वेग उतरतो, वाऱ्याचा आडोसा फारसा उपयोगी पडत नाही. तिथे ज्याच्या पायात जास्त शिल्लक, तो निघून जातो.

स्टेज रेसचं सगळं गणित एवढंच. रोजच्या वेळेची बेरीज होते आणि सगळ्यात कमी वेळ घेणारा जिंकतो. टूर द फ्रान्ससारख्या तीन आठवड्यांच्या रेसमध्ये एका टीमचे 8 जण असतात. त्यातल्या एकाचे पाय घाटापर्यंत ताजे ठेवायचे, हे बाकी सात जणांचं काम. वारा अडवायचा, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, लीडरचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. अशा रायडरला फ्रेंचमध्ये 'दोमेस्तीक' म्हणतात. सरळ मराठीत, घरगडी.

आता खरा पेच. घरगडीच मालकापेक्षा जोरात निघाला तर?

2012 ची टूर घ्या. टीम स्काय, लीडर ब्रॅडली विगिन्स. ला तुस्विरच्या चढावर त्याचाच मदतनीस ख्रिस फ्रूम त्याला सोडून पुढे निघाला, मग रेडिओवर बोलणं झालं आणि तो थांबला. विगिन्स जिंकला, फ्रूम दुसरा आला. पुढच्या वर्षी फ्रूम लीडर झाला आणि टूर जिंकला.

पण माझी आवडती गोष्ट 2023 च्या वुएल्ताची, म्हणजे स्पेनच्या रेसची. यम्बो-विस्मा टीमचा सेप कुस हा वर्षानुवर्षांचा मदतनीस. त्याच वर्षी त्याने जिरोमध्ये प्रिमोझ रोग्लिचसाठी आणि टूरमध्ये योनास विंगेगोरसाठी घाम गाळला होता. दोघंही जिंकले. वुएल्तात मात्र आठव्या स्टेजला लीडरची लाल जर्सी कुसच्याच अंगावर आली.

मग आला आंगलिरूचा घाट. काही ठिकाणी 20 टक्क्यांच्या वर चढ. तिथे रोग्लिच आणि विंगेगोर दोघंही पुढे निघून गेले. लाल जर्सी मागे आणि तिला मागे टाकणारे तिच्याच टीमचे! कुसची आघाडी विंगेगोरवर फक्त 8 सेकंद उरली. ज्यांच्यासाठी याने आयुष्यभर वारा खाल्ला, ते याच्यासाठी एक घाट थांबू शकत नाहीत का, असं सगळे विचारायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून टीमने ठरवलं : आता कुससाठी चालवायचं. दोन मोठे चॅम्पियन स्वतःच्या मदतनीसाला जपत माद्रिदला पोहोचले. कुस पहिला, विंगेगोर 17 सेकंदांनी दुसरा, रोग्लिच तिसरा.

काही जण म्हणतात, जर्सी भेट मिळाली. मला नाही पटत. 8 सेकंद का होईना, त्याने आंगलिरूवर ती स्वतःच्या पायांनी टिकवली होती. आणि उरलेली परतफेड होती.

मला यातून एवढंच कळतं की निष्ठा म्हणजे उधारी आहे. मदतनीस रोज देत राहतो, पण हिशोब त्याच्या डोक्यात चालू असतो. म्हणूनच जिंकलेल्या बक्षिसाचे पैसे टीममध्ये वाटून घ्यायची रीत आहे. लीडरची परीक्षा तो जिंकतो तेव्हा होत नाही, त्याचा माणूस पुढे निघतो तेव्हा होते.

माझ्या पहिल्या नोकरीत एका रिलीजसाठी आम्ही तिघं रात्रभर जागलो. सकाळच्या मीटिंगमध्ये नाव एकाचंच आलं. पुढच्या रिलीजला रात्री फोन वाजला, तेव्हा तिघांपैकी कुणीच उचलला नाही. काम तेच होतं, पगारही तोच. फक्त उधारी बुडाली होती.

तर पुढच्या रविवारी घाटात जो तुमच्यासाठी वारा खाईल, त्याला वर पोहोचल्यावर चहा तरी पाजा. आणि परतताना पुढे तुम्ही राहा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!