नवजात बालकांतील हिमोग्लोबिन-चाचणी : विदर्भातील सिकलसेलच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबी किंवा तत्सम गावात जन्मलेले बालक वजनाने पुरेसे भरले, जन्मताच रडले आणि अंगावर दूध पिऊ लागले की कुटुंबाच्या दृष्टीने ते निरोगी ठरते. बहुतेक वेळा हा निष्कर्ष योग्यच असतो. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांच्या बाबतीत मात्र तो फसवा ठरू शकतो. सिकलसेल किंवा थॅलॅसेमिया घेऊन जन्मलेले बालक पहिले काही महिने इतर बालकांसारखेच दिसते. लक्षणे साधारणतः सहाव्या महिन्याच्या आसपास दिसू लागतात आणि काही बालकांत पहिले लक्षणच प्राणघातक संसर्गाच्या रूपाने येते. म्हणूनच बालक निरोगी दिसते त्याच काळात निदान होणे आवश्यक असते. हे का घडते, चाचणीचा अर्थ वयानुसार कसा बदलतो आणि ग्रामीण भागात तिची परिणामकारकता कशावर अवलंबून असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

सिकलसेलग्रस्त रुग्णाच्या विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे पहिले वर्णन अमेरिकेतील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा विकार असल्याचे दाखविले. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी त्याचे कारण स्पष्ट केले. बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येणे, एवढाच तो बदल असतो. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेल आढळला, तर मध्य भारतातील वाहकांविषयीचा शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विदर्भात हा विकार गोंड, माडिया, कोरकू यांसारख्या आदिवासी जमातींपुरता मर्यादित नाही. अनुसूचित जाती व इतर समाजघटकांतही तो आढळतो.

वयानुसार बदलणारे हिमोग्लोबिन

गर्भावस्थेत बालकाच्या रक्तात प्रामुख्याने 'एफ' प्रकारचे म्हणजे गर्भीय हिमोग्लोबिन असते. जन्माच्या वेळी त्याचे प्रमाण सुमारे ६० ते ८० टक्के असते व उरलेला भाग मुख्यतः 'ए' या प्रौढ प्रकाराचा असतो. जन्मानंतर एफचे प्रमाण झपाट्याने घटते आणि त्याची जागा ए घेते. सिकलसेलग्रस्त बालकात ती जागा 'एस' घेतो. बीटा थॅलॅसेमिया मेजरमध्ये ती भरून काढण्याइतके हिमोग्लोबिन तयारच होत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नवजात बालकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी कमी आढळतात या निरीक्षणाकडे लक्ष वेधले व गर्भीय हिमोग्लोबिन बालकाचे संरक्षण करीत असावे, असा तर्क मांडला. पुढे तो खरा ठरला. मात्र हे संरक्षण अल्पकाळ टिकते आणि तेवढाच काळ रोगाला झाकूनही ठेवते.

चाचणीच्या पद्धती

गावपातळीवर प्राथमिक तपासणीसाठी विद्राव्यता चाचणी, म्हणजेच प्रचलित 'सोल्युबिलिटी', स्वस्त व सोपी आहे. रक्तात एस असल्यास द्रावण गढूळ होते. परंतु सहा महिन्यांखालील बालकात एसचे प्रमाण अल्प व एफचे अधिक असल्याने ती खोटा 'निर्दोष' निष्कर्ष देऊ शकते. शिवाय ती वाहक व रुग्ण यांत भेद करीत नाही. नवजात बालकासाठी ती वापरणे म्हणजे कुटुंबाला निराधार दिलासा देणे होय.

या वयात विद्युत्संचलन (इलेक्ट्रोफोरेसिस), समविद्युतबिंदू-केंद्रीकरण किंवा एचपीएलसी या पद्धती उपयुक्त ठरतात. त्यांत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजले जातात. बालकाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर टिपून व सावलीत वाळवून प्रयोगशाळेकडे पाठविता येतात. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात दुसऱ्या एका आनुवंशिक विकारासाठी रूढ केलेली ही पद्धत पुढे हिमोग्लोबिनसाठीही वापरात आली. न्यूयॉर्क राज्याने १९७५ मध्ये नवजात बालकांची सिकलसेल तपासणी सुरू केली. नाळेतील रक्तही चालते. मात्र त्यात मातेचे रक्त मिसळल्यास निष्कर्ष चुकतो. बालकाला रक्त चढविलेले असल्यास त्यापूर्वीचाच नमुना ग्राह्य धरावा लागतो.

अहवालाचे वाचन

अहवालात हिमोग्लोबिनचे प्रकार प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिले जातात. 'एफए' हा सामान्य आकृतिबंध होय. 'एफएएस' म्हणजे बालक सिकलसेलचे वाहक आहे. 'एफएस' म्हणजे ए आढळत नाही. बालकास सिकलसेल आजार किंवा सिकल-बीटा थॅलॅसेमिया असण्याची दाट शक्यता असते. केवळ 'एफ' आढळल्यास बीटा थॅलॅसेमिया मेजरचा विचार करावा लागतो, मात्र अपुऱ्या दिवसांच्या बालकातही असे चित्र दिसू शकते. त्यामुळे जन्मकालीन अहवाल हा अंतिम निकाल नसून धोक्याची पूर्वसूचना असते. मातापित्यांची तपासणी व काही महिन्यांनी बालकाची फेरतपासणी करूनच निदान पक्के करावे लागते.

या चाचणीची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. बीटा थॅलॅसेमियाचे वाहक मुख्यतः 'ए-२' या हिमोग्लोबिनच्या वाढीव प्रमाणावरून ओळखले जातात. जन्मतः हे हिमोग्लोबिन नगण्य असल्याने अशा वाहकांची खात्रीशीर तपासणी वर्षभरानंतरच करता येते.

निदानानंतर काय ?

उपाय नसता तर लवकर निदान केवळ दुःखाची आगाऊ सूचना ठरले असते. तसे नाही. अमेरिकेतील २१५ बालकांवर झालेल्या व १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दररोज तोंडावाटे पेनिसिलिन दिलेल्या १०५ बालकांपैकी दोघांना, तर न दिलेल्या ११० पैकी १३ बालकांना न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग झाला. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. पेनिसिलिन दोन-तीन महिन्यांच्या वयापासून द्यावयाचे असते, म्हणजे निदान त्याआधीच हवे.

जमैकाचा अनुभव ग्रामीण महाराष्ट्राला अधिक जवळचा आहे. तेथे १९७३ पासून नवजात बालकांची तपासणी करून रुग्ण बालकांच्या मातांना पोट चाचपून वाढलेली पानथरी ओळखावयास शिकविण्यात आले. पानथरीत अचानक रक्त साचून होणारे मृत्यू त्यामुळे मोठ्या प्रमाणात घटले. येथे यंत्राइतकेच महत्त्व मातेच्या प्रशिक्षित हाताला आहे. पुढील काळात लसीकरण तसेच हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची जोड देता येते. हे औषध एफचे प्रमाण वाढविते; निसर्गाने काढून घेतलेले संरक्षण ते अंशतः परत देते.

बीबीसारख्या गावातील प्रश्न

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा येथे रूढ आहे. बीबीला जन्मलेले बालक दोन-तीन महिन्यांत जालना किंवा वाशिम जिल्ह्यातील आपल्या घरी जाते. नमुना घेताना त्याचे बारसेही झालेले नसते. कागदावर 'अमुक हिचे बाळ' एवढीच नोंद असते. अहवाल माहेरच्या उपकेंद्रात येतो आणि बालक सासरच्या गावी असते. त्यामुळे नमुना घेतानाच वडिलांचे गाव, तेथील उपकेंद्र व संपर्क यांची नोंद करणे आणि निष्कर्ष माता व बाल संरक्षण कार्डावर उतरविणे, ही चाचणीचीच पायरी मानली पाहिजे.

दुसरा प्रश्न सामाजिक आहे. आजार होण्यासाठी सदोष जनुक आई व वडील या दोघांकडूनही यावे लागते. तरीही दोष बहुधा सुनेच्या माथी मारला जातो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बालकास आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. वाहक हा रुग्ण नव्हे, हे सांगितल्याशिवाय अहवाल हाती दिला, तर मुलीच्या विवाहात तोच अडसर ठरतो. मामाच्या मुलीशी विवाहासारख्या नात्यातील संबंधांत दोघांकडेही तेच जनुक असण्याची शक्यता वाढते, हेही समुपदेशनात संयमाने मांडावयास हवे.

समारोप

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. मोठ्या संख्येच्या तपासणीत नवजात बालकाचा वेगळा विचार सुटता कामा नये. युवकाची तपासणी भावी पिढीसाठी असते, बालकाची तपासणी त्याच्या स्वतःच्या जिवासाठी असते. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे रक्तगट-तपासणीपुरती न राहता अशा अहवालाचे वाचन व वाहकतेचा अर्थ गावापर्यंत नेऊ शकतात. योग्य वयात योग्य चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष पहिल्या दोन-तीन महिन्यांत बालकाच्या घरी पोचला, तरच टाचेतून घेतलेल्या त्या रक्ताच्या थेंबांचे सार्थक होते.