मणक्याचा जंतुसंसर्ग आणि पाठीचा कडक पट्टा

औषधाच्या दुकानात मिळणारा मऊ कंबरपट्टा आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतो. मणक्यात जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाला डॉक्टर जो पट्टा देतात, तो मात्र त्या जातीचा नव्हे. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

आपल्याकडे असा संसर्ग बहुधा क्षयाचा असतो. मधुमेही किंवा डायलिसिसवरील वृद्धांत इतर जंतूंचाही आढळतो. जंतू मणक्याचा पुढचा भाग आणि दोन मणक्यांमधली चकती पोखरतात. पोखरलेला मणका शरीराच्या भाराने पुढून दबतो, पाठीला कुबड येते आणि मज्जारज्जूवर दाब आल्यास पायांतील शक्ती जाते. कडक पट्टा पुढे वाकणे रोखतो, म्हणून दुखऱ्या मणक्यावरचा ताण हलका होतो. पट्ट्याने जंतू मरत नाहीत. ते काम औषधांचे. आजही वापरात असलेला ‘टेलर ब्रेस’ न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स फायेट टेलर यांनी १९व्या शतकात मणक्याच्या क्षयासाठीच योजला होता. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. आधार हाच उपचार होता.

खरी कसोटी लागते ती वेदना ओसरल्यावर. औषधे लागू पडली की काही आठवड्यांत दुखणे कमी होते, पण हाड सांधायला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. क्षयाची औषधे साधारण वर्षभर, तर इतर जंतूंवरची प्रतिजैविके बहुधा किमान ६ आठवडे चालतात. “आता बरं वाटतंय, काढा हे जोखड,” असे आजोबा म्हणू लागतात ते नेमके याच काळात. उन्हाळ्यात तर त्यांचा हट्ट अगदी रास्तच वाटतो! तरीही पट्टा कधी सोडायचा हे तपासणी आणि क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

पट्टा शक्यतो पलंगावरच, उठण्यापूर्वी बांधावा. रुग्णाला कुशीवर वळवताना खांदे आणि कंबर एकदमच, ओंडक्यासारखी वळवावीत. पाठीला पीळ पडू देऊ नये. आत सुती, बिनशिवणीची बनियन असावी. रोज पट्टा काढल्यावर त्वचा पाहावी. दाबाची लाली अर्ध्या तासानंतरही न गेल्यास, किंवा वजन घटून पट्टा ढिला झाल्यास, तो बनवणाऱ्याकडून दुरुस्त करून घ्यावा. घरी चिंध्या कोंबून भागवू नये. जेवणानंतर पोट आवळल्यासारखे वाटत असेल, तर एकाच वेळी भरपेट वाढण्याऐवजी थोडेथोडे चार वेळा द्यावे.

पाय जड वाटणे, चालताना तोल जाणे, मांड्यांना बधिरता, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णाला आडवे ठेवूनच रुग्णालयात न्यावे.