खरेदीखतातली खाडाखोड

पाथर्डीकडे शेतजमिनीचा व्यवहार ठरला की वकिलांचा कच्चा मसुदा सातबारा शेजारी ठेवूनच वाचा. जाणते वकील लाल पेनाने गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा एकेक ताडून पाहतात. ‘पूर्वेस रस्ता’ की ‘पूर्वेस शिवरस्ता’, एवढ्यावरूनही पुढे दावे उभे राहतात!

अंतिम दस्तात खाडाखोड, ओळींमध्ये घुसवलेला शब्द किंवा कोरी जागा राहिली, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम २० बघा. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. अशा बदलाजवळ दस्त करून देणाऱ्याची सही किंवा आद्याक्षरं नसतील तर दुय्यम निबंधक दस्त नाकारू शकतात. स्वीकारला तर त्या बदलाची टीप नोंदवहीत घेतात.

नोंदणीनंतर चूक सापडली तर मूळ कागदावर पेन चालवायचा नाही. चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करून तोही नोंदवायचा.